शांत राहणं वेगळं, गप्प बसणं वेगळं

"मंदीत साहेब शांत राहिला की टीम घाबरत नाही" हे मंदीत साहेबाने कसं वागावं यावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धंच पटलं. आमचे साहेब मंदीत इतके शांत होते की कोणाला काही कळेचना, मग काय, चहाच्या वेळी कोणाला काढणार याची रोज नवी यादी फिरायची, एचआरवाल्याने केबिनचं दार नुसतं लावलं तरी लोक रेझ्युमे उघडून बसायचे. अहो, ऑर्डरी किती घटल्या, पगाराचे पैसे किती महिने पुरतील ते सरळ सांगा ना, आणि ठरलं नसेल तर ठरलं नाही म्हणा!

२००९ मध्ये अमेरिकेतल्या बॅरी-वेमिलर कंपनीने माणसं काढण्याऐवजी सगळ्यांनाच चार आठवडे बिनपगारी सुट्टी दिली, तीही उघडपणे सांगून. लेखात हे यायला हवं होतं, नुसतं "काळजी करू नका" ऐकलं की उलट जास्तच धडकी भरते.