घरात पिल्लू आले आणि थोरला बदलला: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

श्वानपालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा: घरातला कुत्रा म्हातारा होऊ लागला की पिल्लू आणावे, त्याच्या संगतीने तो पुन्हा तरुण होतो; पिल्लू आल्यावर तो गुरगुरला तर तो हुकूमत गाजवतो आहे असे समजून त्याला तिथल्या तिथे दटावावे, गरज पडल्यास उताणे पाडून धरावे; तो घरात शू करू लागला तर सूड उगवतो आहे असे समजावे; जेवण सोडले तर रुसला आहे म्हणून दुर्लक्ष करावे; आणि बाकीचे दोघांचे दोघांना मिटवू द्यावे, पंधरा दिवसांत सारे सुरळीत होते. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु थोरला कुत्रा आपल्या बदललेल्या वागण्यातून जे काही सांगू पाहत असतो, ते ऐकूच नका, असे हा सल्ला प्रत्येक वळणावर सुचवतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा तारुण्य परत येण्याचा. धडधाकट, इतर कुत्र्यांची आवड असलेला सहा-सात वर्षांचा कुत्रा पिल्लाबरोबर रमतो, हे खरे आहे. दहा वर्षांच्या लॅब्रॅडॉरची किंवा जर्मन शेफर्डची गोष्ट वेगळी असते. मोठ्या चणीच्या जाती लवकर म्हाताऱ्या होतात, आणि या दोन्ही जातींमध्ये खुब्याच्या सांध्याचे दोष व त्यातून येणारा संधिवात नेहमी आढळतो. असा कुत्रा कण्हत नाही. तो उठायला वेळ लावतो, जिना चढायचे टाळतो, गुळगुळीत फरशीवर पाय जपून टाकतो आणि सांध्याची एकच जागा चाटत राहतो. अशा कुत्र्याच्या पाठीवर दिवसातून अनेकदा उड्या मारणारे आणि कानाला लोंबकळणारे पिल्लू त्याला तरुण करत नाही. पहिल्या आठवड्यात घरच्यांना दिसणारा उत्साह पुष्कळदा मोडलेल्या झोपेतून आणि अस्वस्थतेतून आलेला असतो. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये असे मांडले की, वर्तनाच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी, अगदी सावध अंदाज केला तरी, सुमारे एक तृतीयांश प्रकरणांत कुठले ना कुठले शारीरिक दुखणे गुंतलेले असते. त्यामुळे पिल्लू आणण्याचा विचार मनात आला की थोरल्याची पशुवैद्याकडून नीट तपासणी करून घ्यावी, आणि त्याला दुखणे असेल तर त्यावर आधी उपचार सुरू करावेत.

दुसरा दावा हुकूमतीचा आहे, आणि सर्वाधिक नुकसान त्यानेच केले आहे. त्याचे मूळ लांडग्यांवरील एका जुन्या अभ्यासात आहे. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचे निरीक्षण १९४७ मध्ये प्रसिद्ध केले. कुंपणात कोंडलेल्या त्या लांडग्यांमध्ये वरचढपणासाठी झगडे होत असत, आणि त्यावरून कळपात एक सर्वश्रेष्ठ नर व एक मादी असते ही कल्पना रूढ झाली. अमेरिकी लांडगातज्ज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती जगभर नेली. पुढे याच मेक यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समियर बेटावर रानटी लांडग्यांचे अनेक उन्हाळे जवळून निरीक्षण केले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले की, मोकळ्या रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची वेगवेगळ्या वर्षांची पिल्ले असे कुटुंब असते. तेथे गादीसाठी लढाई नसते. आपले जुने पुस्तक पुन्हा छापू नये, असा आग्रह त्यांनी प्रकाशकाकडे धरला. ज्या माणसाने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतल्यावरही आपण तिच्या आधारे घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला उताणे पाडत असू, तर ते मला अतिशय दुःखद वाटते.

लांडग्यांपर्यंत जाण्याचीही खरे तर गरज नाही. आपल्या रस्त्यांवरची कुत्री या बाबतीत पुष्कळ शिकवतात. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी मोकाट कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करत आले आहेत, आणि त्यांच्या कामातून दिसते की, आईखेरीज इतर प्रौढ कुत्रीही पिल्लांची राखण करतात व त्यांच्याशी खेळतात. आई मात्र पिल्ले वाढू लागली की त्यांना अंगाला लागू देणे कमी करत जाते. दूध तोडण्याच्या त्या काळात पिल्लावर गुरगुरणारी आई कोणत्याही गल्लीत दिसते, आणि ती हुकूमत गाजवते असे कोणी म्हणत नाही. घरातला थोरला नेमके हेच करतो. तो आधी तोंड फिरवतो, मग ओठ चाटतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो, आणि तरीही पिल्लू हटले नाही तर हवेत दात वाजवतो. पिल्लाला इजा झाली नाही आणि ते मागे सरताच थोरला शांत झाला, तर हा पिल्लाचा अत्यंत मौल्यवान धडा आहे. दातांचा जोर किती लावावा आणि कोणाला किती सतावावे, हे पिल्लू आपल्या आईकडून, भावंडांकडून आणि प्रौढ कुत्र्यांकडूनच शिकते.

आता दटावण्याचा परिणाम पाहू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेघन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याला मारणे किंवा लाथ घालणे हा उपाय ज्यांनी वापरला होता त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांनी कुत्रा त्यावर आक्रमक झाल्याचे सांगितले. बळजबरीने उताणे पाडणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होते. शिवाय, ज्या कुत्र्याला गुरगुरल्याबद्दल शिक्षा होते तो पुढच्या वेळी न गुरगुरता थेट चावण्याची शक्यता असते, कारण त्याचा त्रास तसाच राहतो आणि इशारा देणे तेवढे बंद होते. ज्या घरात रांगणारे मूल आहे तेथे तर गुरगुरणे ऐकू येणे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. थोरला गुरगुरला की पिल्लाला उचलून दूर न्यावे. थोरल्यावर हात उगारू नये.

कुत्र्याला मत्सर वाटतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियात २०१४ मध्ये झालेल्या एका प्रयोगात मालकाने कुत्र्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्याचे लाड केले तेव्हा पुष्कळ कुत्र्यांनी मध्ये घुसून मालकाला किंवा खेळण्याला ढकलले. पण मत्सर मान्य केला तरी त्यावरचा उपाय शिक्षा कसा ठरतो? थोरल्याच्या ठरलेल्या फेरीची वेळ, त्याची सोफ्याशेजारची जागा आणि घरच्यांचा हात हे सगळे एका रात्रीत वाटले गेलेले असते. त्याची सकाळची फेरी पिल्लाशिवाय चालू ठेवणे, हा मला ठाऊक असलेल्या उपायांपैकी सर्वांत साधा आणि सर्वांत गुणकारी आहे.

तिसरा दावा सुडाचा. घरात शू केल्यावर तो मान खाली घालून बसतो, म्हणजे त्याला आपली चूक कळते, असा पुरावा नेहमी दिला जातो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर हेच तपासले. कुत्र्याने मना केलेला खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही याच्याशी त्या अपराधी चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. तो मालकाच्या रागावण्याशी जोडलेला होता, आणि निर्दोष असूनही ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये तो उलट अधिक ठळक दिसला. तो चेहरा आपल्या आवाजाच्या धास्तीचा असतो.

मग शू का होते? वयस्क कुत्र्यात मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह, आणि नसबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांमध्ये लघवीवरचा ताबा सैल होणे ही सर्रास आढळणारी कारणे आहेत. त्यांच्या जोडीला मेंदूचे वार्धक्य असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतील २००१ च्या अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांमध्ये आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांमध्ये जागेचे व दिशेचे भान हरपणे, माणसांशी वागणे बदलणे, झोपेचे चक्र उलटणे किंवा घरात घाण करणे यांपैकी किमान एका प्रकारचा बदल दिसला. हा बदल आधीपासून हळूहळू होत असतो. पिल्लू आल्यावर घरच्यांचे लक्ष अधिक जाते आणि दोष पिल्लाच्या येण्यावर किंवा थोरल्याच्या स्वभावावर ढकलला जातो. कधी कारण आणखी साधे असते. पिल्लाने जेथे शू केली त्या जागेचा वास नुसत्या फिनाइलने जात नाही, आणि थोरला तेथेच खूण करतो. त्यासाठी एन्झाइम असलेले क्लीनर मिळतात.

चौथा, रुसव्याचा दावा मला सर्वांत धोकादायक वाटतो, कारण त्यात वेळ हातचा जातो. नवे पिल्लू एकटे येत नाही. त्याच्या अंगावर गोचीड, पोटात जंत आणि कधी कधी श्वासनलिकेचा खोकला येतो. तपकिरी गोचिडामार्फत पसरणारा एर्लिकिओसिस, ज्याला आपण टिक फीव्हर म्हणतो, तो महाराष्ट्रात नित्याचा आहे, आणि अन्न सोडणे, ताप व कोपऱ्यात निपचित पडून राहणे ही त्याची लक्षणे आहेत. रक्ततपासणीने तो सापडतो आणि वेळेवर औषध मिळाले तर बहुतेक कुत्री बरी होतात. म्हाताऱ्या कुत्र्याने पूर्ण एक दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा. दातांचे दुखणे, किंवा पिल्लू भांड्यावर झडप घालते म्हणून माघार घेणे, हीही कारणे असतात; दोघांना वेगळ्या खोल्यांत जेवू घातले की दुसऱ्या कारणाचा उलगडा लगेच होतो.

राहिला पंधरा दिवसांचा हिशेब. त्याला कसलाही आधार नाही. काही घरांत आठवडा पुरतो, काहींत काही महिने लागतात, आणि दोघांच्या वजनात मोठी तफावत असेल तर एकाच झडपेत छोट्याचा डोळा जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीला कोणाच्याही देखरेखीविना त्यांना एकत्र सोडू नये. पिल्लू घरातही हलक्या पट्ट्यावर ठेवावे. दाराला लहान मुलांसाठी मिळते तशी जाळी लावून थोरल्याला पिल्लू पोहोचणार नाही अशी झोपेची जागा द्यावी. फरशीवर त्याच्या वाटेत रबरी चटया टाकाव्यात. पिल्लू दिवसातले अठरा-वीस तास झोपायला हवे, आणि अपुरी झोप झालेले पिल्लू अधिकच चावरे होते, त्यामुळे त्याला वेळेवर झोपवले की थोरल्याचीही दुपार आपोआप सुटते. थोरला पिल्लाचा पाठलाग करून त्याला दाबून धरत असेल आणि ते किंचाळूनही सोडत नसेल, अथवा पिल्लाच्या अंगावर जखम झाली असेल, तर दोघांना त्याच क्षणी वेगळे ठेवून पशुवैद्याला आणि वर्तनाची जाण असलेल्या प्रशिक्षकाला दाखवावे. तेथे कुत्र्याला उताणे पाडण्याची भाषा कोणी करू लागले, तर तो प्रशिक्षक बदलावा.