तिकीट काढलंत का?

विमानं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या आयटीत लागलात? अभिनंदन. आधी घरच्यांची सोय लावा. बारशाला नाहीतर साखरपुड्याला कोणी 'मग विमानात तू नेमकं काय करतोस?' असं विचारलं, तर 'गोपनीय असतं' एवढं बोलून जिलबीकडे वळा. तुम्ही शॉप फ्लोअरवरच्या, म्हणजे कारखान्यातल्या, प्रिंटरचे ड्रायव्हर टाकता, हे कळू देऊ नका. मावशीने दुबईचं तिकीट स्वस्तात मागितलं तरी चिडू नका. आयटीत तक्रारीच्या नोंदीलाही तिकीटच म्हणतात, आणि तशी तिकिटं तर तुमच्याकडे दिवसाला चाळीस येणार आहेत. त्यांतलं एकही दुबईला जात नाही, इतकंच.

पहिले सहा आठवडे कामाची घाई नको, कारण लॉगिन नसतं. लॉगिनचा अर्ज ज्या पोर्टलवर करायचा, त्या पोर्टलला लॉगिन लागतं. यावर हसू नका, ऑडिटर हसत नाहीत. कंपनी अमेरिकन असेल आणि लढाऊ विमानंही बनवत असेल, तर आयटार नावाचे नियम येतात. संरक्षणाचं ड्रॉइंग परदेशी माणसाने नुसतं पाहिलं तरी ती निर्यात धरतात, मग तो माणूस त्याच इमारतीत शेजारच्या खुर्चीवर का बसलेला असेना. तुमचा जन्म कराडचा. त्यामुळे रात्री दोनला 'ड्रॉइंग उघडत नाही' असा फोन आला, की पलीकडचा गोरा तुम्हाला एरर वाचून दाखवणार, तीही अर्धी. उरलेली अर्धी ओळखायची. पत्रिका न बघता गुण जुळवल्यासारखंच आहे हे, पण सवय होते.

आता मुख्य सल्ला. कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन चालतं, हे चुकूनही विचारू नका. एअरबसच्या ए३८० या दुमजली विमानाचा आदर्श डोळ्यांसमोर ठेवा. विमानाची ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर कॅटिया. जर्मनीतल्या कारखान्याचे हॅम्बर्गवाले त्याच्या चौथ्या व्हर्जनवर, फ्रान्सचे तुलूजवाले पाचव्यावर. सॉफ्टवेअर एकाच कंपनीचं, नावही एकच, म्हणजे जुळणारच. सख्ख्या भावांचं जुळतं तसं. एका विमानात वायर सुमारे ५३० किलोमीटर, म्हणजे मुंबईतून सोडलेलं टोक सावंतवाडीच्या आसपास निघावं. त्यात बऱ्याच वायरी वजन वाचवायला अॅल्युमिनिअमच्या, आणि त्या तांब्यासारख्या वळत नाहीत. हॅम्बर्गहून विमानाच्या धडाचे भाग वायरिंगसकट तुलूजला आले आणि जोडताना वायरी आखूड पडल्या. मग शेकडो जर्मन कामगार तुलूजला जाऊन हाताने वायरी ओढत बसले. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ऑक्टोबर २००७ मध्ये, जवळजवळ दोन वर्षं उशिरा. एअरबसचे प्रमुख क्रिश्चन स्ट्राइफ २००६ मध्ये शंभरेक दिवसांतच पायउतार झाले. बघा, व्हर्जनच्या भांडणात साहेबाची खुर्ची जाते. आपलं तिकीट फार तर 'पेंडिंग'मध्ये जातं.

खरं सांगायचं तर यात कोणाचंच म्हणणं अगदी चूक नव्हतं. अर्धं विमान कागदावर काढून झाल्यावर व्हर्जन बदलणं म्हणजे पहिली पंगत बसल्यावर आचारी बदलणं. म्हणून अपग्रेडच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, की 'पुढच्या विमानाच्या प्रोग्रॅमपासून करू' हे वाक्य टाका. सगळे माना डोलावतील. नवीन विमान यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तोवर तुम्ही दुसऱ्या कंपनीत हेच वाक्य टाकत असाल.

'बंद करून चालू करा' असं सांगताना लाज वाटते? वाटून घेऊ नका. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने, एफएएने, बोइंग ७८७ बद्दल हाच आदेश काढला. वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरांचे कंट्रोल युनिट एकदम संपावर जाऊ शकतात, म्हणून अधूनमधून वीज बंद करा. सेकंदाचे शंभर भाग करून संगणकाच्या चिन्हासकट ३२ बिटांच्या खणात मोजत गेलं, तर खण किती दिवसांत भरतो ते कॅल्क्युलेटरवर बघा. तेच २४८. एअरबसही मागे नाही. ए३५० च्या काही विमानांना २०१७ मध्ये बंद करून चालू करायला १४९ तासांची मुदत मिळाली. आपला हेल्पडेस्क जे फुकट सांगतो, ते तिथे कायदा म्हणून छापून येतं.

जुन्या मशीनला नावं ठेवू नका. बोइंग ७४७-४०० चा नेव्हिगेशन डेटा दर २८ दिवसांनी बदलतो आणि काही विमानांत तो २०२० मध्येही साडेतीन इंची फ्लॉपीवरून भरत होते. त्यापुढे तुमच्या शॉप फ्लोअरच्या कोपऱ्यातला विंडोज एक्सपीवाला डबा म्हणजे कालचं पोर. त्याला ड्रिलिंगचं मशीन जोडलेलं असतं, नेटवर्क काढलेलं असतं आणि वर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: 'बंद करू नये'. लिहिणारा केव्हाच रिटायर झाला. कागद फाटला असेल तर नवा लावा, पण अक्षर त्याच्यासारखंच काढा. या मशीनचा ओनर कोण, असं एक तिकीट २०११ पासून उघडं आहे.