बस कोणाची, टेकडी कोणाची

2024 च्या 4 जुलैला मरीन ड्राइव्हवरून टी-20 विश्वविजेत्या भारतीय क्रिकेट संघाची मिरवणूक निघणार होती आणि आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळी चर्चा चालली होती ती बसच्या नंबरप्लेटची. रोहित शर्मा आणि मंडळी ज्या उघड्या बसमधून हात हलवणार होती ती गुजरातहून आली होती. मुंबईच्या मिरवणुकीला बेस्टची बस मिळत नाही का, यावरून विरोधी पक्षांनी सरकारला धारेवर धरलं. ग्रुपवर डोंबिवलीच्या आमच्या वर्गातले दोन सभ्य गृहस्थ, एक बँकेतला, एक दातांचा डॉक्टर, संध्याकाळपर्यंत एकमेकांना 'आपण' म्हणू लागले. आमच्याकडे 'अरे-तुरे'वरून 'आपण'वर आलेलं भांडण फार वाईट असतं.

परदेशात राहणाऱ्याकडून अशा वेळी एक अपेक्षा असते. त्याने सुस्कारा सोडायचा आणि म्हणायचं, "इथे बघा, कसं सगळं शहाण्यासारखं चालतं." मी त्याच वर्षीच्या वसंतात म्युनिकला राहायला आले, तेव्हा माझ्याकडून ही सेवा अपेक्षित होती. पण जर्मनीने माझी पंचाईत करून ठेवली आहे. मार्चमध्ये इथल्या फुटबॉल महासंघाने जाहीर केलं की 2027 पासून राष्ट्रीय संघाचे कपडे आदिदास नव्हे, नायके पुरवणार. आदिदास म्हणजे इथलीच, बव्हेरियातल्या हेर्त्सोगेनाउराख गावची कंपनी. सत्तर वर्षांहून जुनं नातं. मग काय, थेट तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री रॉबर्ट हाबेक म्हणाले की थोडी देशभक्ती दाखवली असती तर बरं झालं असतं. त्याच महिन्यात संघाची बाहेरच्या सामन्यांची जर्सी आली ती गुलाबी-जांभळी, त्यावर आणखी एक रणकंदन. जर्मन पुरुषांनी गुलाबी घालावं का, यावर गंभीर चेहऱ्याने बोललं गेलं. पुढे तीच जर्सी इतकी खपली की महासंघाच्या इतिहासात बाहेरच्या जर्सीचा असा खप कधी झाला नव्हता. जूनमध्ये आमच्या गल्लीतले आजोबासुद्धा गुलाबी होऊन कुत्र्याला फिरवत होते.

तेव्हा गुजरातच्या बसवरून जे पेटले त्यांना मी हसणार नाही. एवढी मोठी, श्रीमंत, वेळ पाळणारी माणसं कपड्यांच्या शिवणावरून भांडतात, तर आम्ही चाकांवरून का भांडू नये?

'वेळ पाळणारी' हे जरा मागे घेते. जून-जुलैत इथे झालेल्या युरो या युरोपीय फुटबॉल स्पर्धेत जर्मन रेल्वेने जे दिवे लावले त्यावर माझा दादा महिनाभर खूश होता. तो तीस वर्षं डोंबिवली फास्टने जातोय, त्याला हा आनंद मिळायलाच हवा. फिलिप लाम, म्हणजे 2014 चा विश्वचषक उचलणारा कर्णधार आणि या स्पर्धेचा चक्क संचालक, म्युनिकहून ड्युसेलडॉर्फला युक्रेन-स्लोव्हाकिया सामन्यासाठी निघाला आणि गाडी लेट झाल्यामुळे सुरुवातीला पोचूच शकला नाही. दादाने ती बातमी मला, आईला, सासरच्या ग्रुपला आणि सोसायटीच्या ग्रुपला पाठवली. खाली लिहिलं होतं, "मध्य रेल्वेबद्दल यापुढे कोणी अवाक्षर काढू नये."

आमची खरी तारांबळ झाली 29 जूनला. बार्बाडोसमधला टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना इथल्या घड्याळात दुपारी साडेचारला सुरू, आणि रात्री नऊला डॉर्टमुंडमध्ये जर्मनी-डेन्मार्क. इथली आठ-दहा मराठी घरं आमच्याकडे जमलेली, पोहे संपलेले, डेव्हिड मिलरने हार्दिकचा पहिला चेंडू टोलवला आणि सूर्यकुमारने तो सीमारेषेवर झेलला, आत टाकला, बाहेर जाऊन परत येऊन धरला. आम्ही जे ओरडलो ते खालच्या मजल्यापर्यंत गेलं. दारावर टकटक. शेजारी उभा, गुलाबी जर्सीत, चेहरा चिंतेचा: सामना सुरू झाला का? त्याला अजून तासभर अवकाश आहे म्हणून त्याने बटाटे उकडायला टाकले होते. दुसऱ्याच खेळाचा, दुसऱ्याच देशाचा विश्वचषक आता संपतोय हे कळल्यावर त्याने विचारलं, किती वेळ चालतो हा खेळ? छोटा प्रकार आहे, चारच तास, म्हटलं. तो काही बोलला नाही, पण बटाट्यांची कोशिंबीर घेऊन वर आला आणि बसला.

दहानंतर मात्र इथे आवाज नको असतो. रात्री दहाची ही रेषा म्हणजे जर्मनीचा खरा धर्म, असं मला आल्या आठवड्यापासून सांगण्यात आलं होतं. आणि त्याच धर्माने युरो स्पर्धेपुरता नियम सैल केला. चौकातल्या मोठ्या पडद्यांना दहानंतरही परवानगी, कारण नऊचे सामने अकरापर्यंत चालणार. आपल्याकडेही मर्यादा दहाचीच आहे आणि सणांसाठी वर्षातले 15 दिवस राज्याला ती बारापर्यंत वाढवता येते. दर ऑगस्टमध्ये त्या पंधरा दिवसांवरून जो कलगीतुरा होतो तो मी लहानपणापासून ऐकते. फरक एवढाच दिसला की इथे सूट दिली ती वेळेची. आवाज किती डेसिबल असावा यावर 'आमच्याच सणाला का' असं कोणी म्हटलेलं माझ्या कानावर आलं नाही. अर्थात माझं जर्मन अजून कच्चं आहे.

हुर्यो उडवण्यातही आम्ही सख्खे भाऊ निघालो. एप्रिलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याला मुंबईच्याच प्रेक्षकांनी डिवचलं, कारण मुंबई इंडियन्समधली रोहितची कप्तानी त्याला दिली. जुलैत त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष. इथे मार्क कुकुरेया नावाचा कुरळ्या केसांचा स्पॅनिश बचावपटू आहे. उपांत्यपूर्व सामन्यात चेंडू त्याच्या हाताला लागला, पेनल्टी मिळाली नाही, आणि जर्मनी 119 व्या मिनिटाच्या गोलवर हरली. चार दिवसांनी म्युनिकमध्ये स्पेन-फ्रान्स उपांत्य सामना. जर्मनीचा त्यात काही संबंध नाही, पण कुकुरेयाच्या पायाला चेंडू लागला रे लागला की मैदानभर शिट्ट्या. त्याच सामन्यात सोळा वर्षांच्या लामिन यमालने जो गोल मारला तो पुढची वीस वर्षं दाखवत राहतील. शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी तो गोल अंधूक आठवत होता. हात मात्र सेंटिमीटरसकट आठवत होता.

पैशांच्या वादावर माझं मत जरा वेगळं आहे. मुख्यमंत्र्यांनी विधान भवनात क्रिकेट संघाला 11 कोटी जाहीर केले. क्रिकेट मंडळाने आधीच 125 कोटी दिलेल्यांना हे आणखी कशाला, हा प्रश्न रास्तच होता. (त्या सत्कारात सूर्या म्हणाला, चेंडू हातात बसला, त्यावर रोहितने सांगितलं की बसला ते बरं झालं, नाहीतर मीच याला बसवला असता. अकरा कोटींची वसुली माझ्यापुरती तिथेच झाली.) मग 1 ऑगस्टला कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं. 1952 साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर वैयक्तिक पदक जिंकणारा हा महाराष्ट्राचा पहिला खेळाडू. त्याला तेव्हा 1 कोटी जाहीर झाले. ग्रुपवर पुन्हा आग: अकरा आणि एक!

मी माझ्यापुरता इथला हिशोब काढला. युरो जिंकला असता तर प्रत्येक जर्मन फुटबॉलपटूला 4 लाख युरो मिळणार होते. पॅरिसहून सुवर्ण घेऊन येणाऱ्याला इथलं क्रीडा सहाय्यता प्रतिष्ठान देणार होतं 20 हजार युरो, कांस्याला 10 हजार, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण नऊ लाख रुपये. बक्षिसात कुसाळे इथल्या कांस्यवाल्याच्या दसपट पुढे. तरी इथल्या नेमबाजाच्या वाट्याला जिल्ह्याजिल्ह्यात क्लब येतो, गावच्या क्लबात रेंज येते, आणि ती पदकाच्या वीस वर्षं आधी येते. बक्षीस हे झाडाला फळ लागल्यावर घातलेलं पाणी आहे, आणि आम्ही भांडतो ते तांब्याच्या आकारावरून. बाकी कुसाळे हा तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता, हे कळल्यावर दादाचा जुलैतला आनंद ऑगस्टमध्येही पुढे चालू राहिला.

आता टेकडीबद्दल, कारण खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचं होतं.

27 आणि 28 जुलैला टेलर स्विफ्टचे दोन कार्यक्रम इथल्या ऑलिंपिक स्टेडियमवर झाले. माझी लेक तेरा वर्षांची, तिकिटांची किंमत ऐकून मीच तिला म्हटलं होतं की त्यात तुझी आजी इथे येऊन परत जाईल. पण स्टेडियमला लागून ऑलिंपियाबर्ग नावाची हिरवी टेकडी आहे, पन्नासेक मीटरची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी पडलेल्या म्युनिकचा राडारोडा इथे आणून टाकला, त्यावर माती घातली, गवत लावलं आणि 1972 च्या ऑलिंपिकसाठी तिच्या पायथ्याशी पारदर्शक तंबूसारख्या छपराचं मैदान उभं राहिलं. टेकडीवरून मैदानाच्या आत दिसतं. आत सुमारे 74 हजार लोक पैसे भरून, आणि बाहेर उतारावर हजारो लोक चादरी पसरून, फुकट. आम्ही पोळीचे रोल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन दुपारीच जागा धरली. मण्यांच्या ब्रेसलेटची देवाणघेवाण करण्यात लेकीच्या ओळखी इतक्या वाढल्या, जितक्या शाळेत तीन महिन्यांत वाढल्या नव्हत्या. मध्येच टेलरबाईंनी मंचावरून बाहेरच्या गर्दीचीही दखल घेतली, तेव्हा उतारावर जो कल्ला झाला त्यात मी होते. माझं वय विचारू नये.

कोणी हाकललं नाही. कोणी पत्रे लावून नजर अडवली नाही. उद्यानाच्या लोकांनी टेकडी बंद केली नाही, एवढंच केलं. त्याच महिन्यात मुंबईत जस्टिन बीबर येऊन एका लग्नाच्या संगीतात गाऊन गेला आणि सर्वसामान्य मुंबईकराच्या वाट्याला आली ती बीकेसीतली वाहतूक वळवल्याची सूचना. मी श्रीमंतांच्या लग्नावर चिडणारी नाही. ज्याचं लग्न त्याची वरात. पण बाकीच्यांनी उभं राहायचं कुठे?

4 जुलैला ते दिसलंच. लाखो माणसं एका रस्त्याच्या पट्टीवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला इमारती. मिरवणूक तासन्‌तास उशिरा, लोकांना चक्कर आली, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि रात्री पालिकेच्या सफाई कामगारांनी चपला-बुटांचे ढीग उचलले. त्याच गर्दीने रुग्णवाहिकेला वाट करून दिली, हेही खरं, आणि त्याचा मला इथे बसून अभिमान वाटला. पण दुसऱ्या दिवशीही वाद कशाचा, तर बस कोणत्या राज्याची. एवढ्या माणसांना एकत्र आनंद करायला शहरात एक फुटपाथ सोडून जागा का नाही, यावर ग्रुपवर एक ओळ नाही. दातांच्या डॉक्टरनेही लिहिली नाही.

जागा अगदीच नाही असंही नाही. महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकर 2024 मध्ये सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचं ठरलं. तिथे काय काय होणार याच्या चित्रांबद्दल मला धास्ती आहे, कारण आपल्याकडे उद्यान म्हटलं की कारंजं, पुतळा, सेल्फी पॉइंट आणि सहा वाजता शिट्टी मारणारा वॉचमन येतोच. माझी मागणी साधी आहे: मेट्रोच्या खोदकामाची माती आणून एक उतार करा, गवत लावा आणि फाटकाला कुलूप लावू नका.

हे मी दादाला फोनवर सांगितलं. सोबत हेही सांगितलं की त्या 1972 साली म्युनिकचं ऑलिंपिक संपल्यावर अपंग खेळाडूंची स्पर्धा हायडेलबर्गला झाली, कारण इथल्या क्रीडाग्रामातली घरं लोकांना राहायला द्यायची होती. आणि तिथे पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी पोहण्यात सुवर्ण जिंकलं. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' नेमका 14 जूनला आला, म्युनिकमध्ये युरो सुरू झाली त्याच दिवशी. पन्नास वर्षं लागली लोकांना ते नाव कळायला, म्हटलं, आणि तुम्ही नंबरप्लेटा वाचताय.

दादाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुझी टेकडी झाली ना, की पहिल्या दिवशी तिच्या नावावरून भांडण होईल. दुसऱ्या दिवशी तिथे वडापावची गाडी लागेल. तिसऱ्या दिवशी मी चादर घेऊन जाईन. तू पाठव तुझा तो अर्ज, सहीला मी आहे." आणि लगेच विचारलं, ऑगस्टभर तिथे ती अडेल गाणार आहे म्हणे, तिच्या मांडवाशेजारी टेकडी आहे का?

नाही. तिथे सपाट आहे. लेकीनेही आधीच पाहून ठेवलंय.