ईर्ष्या करा, बाटल्या कशाला?

दर हंगामात तेच! कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच रंगात येते, रेफ्री ऑफसाइड देतो आणि गॅलरीतनं बाटली मैदानात. झाकण उघडं, निम्मं पाणी कॉर्नरच्या झेंड्यापाशी सांडलेलं. खेळ बंद.

अरे, ईर्ष्या पाहिजेच की! पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल... आपल्या तालमीच्या संघासाठी घसा बसंपर्यंत ओरडा. पण समोरचा विंगर आपल्याच गावचा, दुसऱ्या दिवशी आपल्याच टपरीवर च्या प्यायला येतोय. त्याला आईवरनं शिव्या? इथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडनं खेळला. तसली पोरं बघायची का बंदोबस्ताचे पोलीस? खेळू द्या की पोरांना!