छातीवर दाब नको

आमच्या पैलवानाचं वजन 92 ग्रॅम. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर, साबुदाण्याच्या डब्याशेजारी, त्याचं वजन होतं. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, तालमीपासून हाकेच्या अंतरावर राहून एवढ्याशा जिवाला 'पैलवान' म्हणायचं धाडस माझ्या मुलीचं. तो कॉकाटिएल, मूळ ऑस्ट्रेलियाचा तुरेवाला पक्षी. आपला राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे मी पेठेत चाळीस जणांना तरी सांगितलं असेल. चाळीसही जण अजून "तुमच्या पोपटाला झालंय काय?" असंच विचारतात.

झालंय काय, तर त्यानं स्वतःचं अंग सोलायला काढलं. आधी छाती, मग मांड्या, मग पंखांखाली. डोकं तेवढं शाबूत, कारण तिथं स्वतःची चोच पोचत नाही. त्यामुळं वर पिवळा तुरा, केशरी गाल, वरातीला निघाल्यासारखा थाट, आणि मानेखाली थेट लंगोट. शेजारच्या अण्णांनी पिंजऱ्यात वाकून बघितलं आणि म्हणाले, "तांबडा करायचा का पांढरा, तेवढं सांगा." बायकोनं त्यांना त्या दिवशी चहा विचारला नाही.

आत्याचं म्हणणं, अंगावर लवंगी मिरचीचं पाणी शिंपडा. "पीस तोंडात धरलं की बसंल चटका!" पाणी काही आम्ही शिंपडलं नाही, पण चाचणी म्हणून एक वाळकी मिरची पुढं धरली. पठ्ठ्यानं ती बियांसकट खाल्ली आणि दुसरी मागितली. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही म्हणे. कोल्हापूरचं शेवटचं अस्त्र वाया गेलं. आत्या मात्र तेव्हापासून त्याला 'अहो पैलवान' म्हणते.

डॉक्टरांनी विष्ठा तपासली. पोटात जिआर्डिया नावाचा जंतू निघाला. कॉकाटिएलमध्ये त्यानं अंगाला खाज सुटू शकते, म्हणाले. शिवाय नुसतं राळं आणि सूर्यफूल खाऊन अ जीवनसत्त्वाची बोंब. हे ऐकल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, पुढं सरसावले. खासबागेत कुस्त्या मारलेला माणूस. खुराकाचा विषय त्यांचा. "उद्यापास्नं गंगावेशीच्या कट्ट्यावरचं दूध. समोर काढल्यालं."

"पक्ष्यांना दूध पचत नाही," डॉक्टर म्हणाले.

आप्पा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. रिक्षात एकदाच पुटपुटले, "मग ताकद येणार कशानं?" गाजरानं, रताळ्यानं आणि शेवग्याच्या पाल्यानं, हे उत्तर त्यांना देववेना.

खरी कुस्ती औषधाची. दिवसातून दोनदा, जहाल कडू. बिनसुईच्या सिरिंजमध्ये जेमतेम दिसेल एवढंच, पण तेवढ्यासाठी घरातली चार माणसं लागायची. मुलगी टॉवेल धरणार, बायको खिडक्या लावणार, मी पकडणार आणि आप्पा पंच. डॉक्टरांनी बजावलं होतं, मान दोन बोटांत धरा, पण छातीवर दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड हलवूनच तो हवा आत ओढतो. छाती दाबली की कारभार आटोपला.

"छातीवर दाब न देता चितपट करायचं कसं?" आप्पांचा प्रश्न रास्त होता. ढाक, कलाजंग, एकूण एक डाव बाद. पहिल्या दिवशी औषध माझ्या शर्टाला मिळालं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या अंगठ्याचा पट काढला. मी बोंबललो तर आप्पा म्हणाले, "हात सोडू नगंस, त्याची पकड बघ कशी हाय!" मुलगा कुणाचा, याचा त्यांना विसर पडला होता. पाचव्या दिवशी औषध पोटात गेलं, तेव्हा घरात हलगी वाजायचीच बाकी होती.

मग चोच अंगाला पोचू नये म्हणून गळ्यात कॉलर आली. ती घातल्यावर पैलवान दोन पावलं मागं चालला, कलंडला आणि आमच्याकडं असा बघू लागला की दुसऱ्या दिवशी मुलीनं ती काढून टाकली. तोवर जंतू गेले होते, पण खोड राहिली होती. चोचीला उद्योग म्हणून कणसाची सालं आणि केरसुणीच्या काड्या टांगल्या. रात्री बारा तास अंधार हवा, म्हणून संध्याकाळी सातलाच हॉलचे दिवे बंद. मॅच आम्ही आवाज बंद करून, आतल्या खोलीत, मोबाइलवर बघतो.

आता छातीवर सुयांसारखी नवी पिसं फुटलीत. त्यांत रक्त असतं, हात लावायचा नाही. आप्पा लांबूनच चष्मा लावून मोजतात.

काल तो उडून त्यांच्या खांद्यावर बसला. आप्पांच्या मिशीला आजवर न्हाव्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. यानं मान वाकडी करून एक केस निवडला आणि खसकन उपटला. आप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी पुढं झालो तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"असू दे. स्वतःचं तर न्हाई न्हवं उपटलं!" आणि त्यांनी दुसरा गाल पुढं केला.