वर्कस्टेशन लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड ‘रॅमसारखं’ बदलत नाही

जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘जुना वर्कस्टेशन लॅपटॉप स्वस्तात घ्या. कोणत्याही वर्कस्टेशनचं ग्राफिक कार्ड रॅमसारखं निघतं. मोठं कार्ड टाका, ड्रायव्हर आपोआप बसतो, आणि ऑटोकॅडपासून फोर-के एडिटिंगपर्यंत सगळं लाखाच्या लॅपटॉपसारखं पळतं.’ वर्कस्टेशन म्हणजे डिझाइन, एडिटिंगसारख्या जड कामासाठी बनवलेला लॅपटॉप. मेसेजमधला थोडा भाग खरा आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. चोपड्याचा किंवा अमळनेरचा पोरगा घरच्या कापसाच्या पैशातून लॅपटॉप घेतो, तेव्हा त्याला पूर्ण माहिती मिळायला हवी.

पहिला दावा, ‘कोणत्याही वर्कस्टेशनचं’. हे साफ चूक. डेलच्या प्रिसिजन एम६६००, एम६७००, एम६८०० आणि ७७१० मध्ये, एचपीच्या एलिटबुक ८५७०डब्ल्यू, ८७७०डब्ल्यू आणि झेडबुक १७ जी३ मध्ये कार्ड वेगळं निघतं. ते एमएक्सएम जातीचं, म्हणजे लॅपटॉपच्या सुट्या ग्राफिक कार्डासाठी ठरलेल्या साच्याचं असतं. पण लेनोवोच्या थिंकपॅड डब्ल्यू५२०, डब्ल्यू५३० आणि पी५० मध्ये ग्राफिक चिप मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. प्रिसिजन ५५१०, ५५२० आणि झेडबुक स्टुडिओ यांचंही तेच. हे सगळे वर्कस्टेशनच आहेत, आणि जुन्या मालाच्या दुकानात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात. डेलच्या २०१८ च्या ७५३० आणि ७७३० मध्ये कार्ड निघतं, पण ते डेलच्या स्वतःच्या आकाराचं. एमएक्सएम कार्ड तिथे बसतच नाही.

‘रॅमसारखं निघतं’ हा दावा मला सगळ्यात खटकतो. रॅमची पट्टी खाचेत बसली की काम झालं. एमएक्सएम ३.० मध्ये आधी दोनच आकार बघा: टाइप ए ८२ × ७० मिलिमीटर, टाइप बी ८२ × १०५. डेलच्या पंधरा इंची एम४७०० मध्ये टाइप ए ची जागा आहे, तिथे टाइप बी चं मोठं कार्ड जाणार नाही. आकार जुळला तरी वर बसणारा हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) त्या ठरावीक कार्डासाठी घडवलेला असतो. मेमरी चिपांची जागा आणि उंची कार्डागणिक बदलते. सिंक कुठेतरी अधांतरी राहिला, की तेवढाच भाग तापत राहतो आणि काही आठवड्यांनी स्क्रीनवर रंगीत रेघा येतात. एनव्हिडियाच्या क्वाड्रो कार्डांत के१०००एम ४५ वॅटचं, के५०००एम १०० वॅटचं. लहान कार्डाचा सिंक मोठ्या कार्डाची उष्णता पेलणार नाही, आणि लहान अॅडाप्टर असेल तर लॅपटॉप वेग पाडतो किंवा प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरवतो.

आणि इथे आपलं ऊन येतं. हीटसिंक चिपला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही. खोली २० अंशांनी गरम असेल, तर तेवढ्याच कामाला चिपही साधारण २० अंशांनी गरम. हे अपग्रेड दाखवणारे व्हिडिओ बहुधा एसीच्या खोलीत काढलेले असतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. चिप ठरलेल्या मर्यादेला पोचली की स्वतःचा वेग कमी करते, म्हणजे पैसे मोजलेली ताकद नेमकी हवी तेव्हा गायब. त्यात जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाचे तंतू पंख्याच्या जाळीत अडकून हवाच बंद होते. माझं मत ठाम आहे: आपल्याकडे १०० वॅटच्या कार्डाचा निर्णय उन्हाळा धरूनच करायचा.

‘ड्रायव्हर आपोआप बसतो’: कंपनीने त्या मॉडेलला दिलेलंच कार्ड असेल तर बहुधा बसतो. दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपमधून काढलेलं असेल, तर एनव्हिडियाचा इन्स्टॉलर कार्डाचा ओळख क्रमांक आपल्या यादीत शोधतो आणि सुसंगत हार्डवेअर नाही म्हणून थांबतो. मग ती यादी असलेली आयएनएफ फाइल हाताने बदला, त्याने डिजिटल सही मोडते, म्हणून विंडोजची सही-तपासणी बंद करा. बायोसने (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमने) कार्ड ओळखलं नाही तर स्क्रीन काळीच. शिवाय क्वाड्रोच्या के मालिकेची बरीचशी कार्डं केप्लर पिढीची आहेत, आणि एनव्हिडियाने २०२१ मध्ये नव्या ड्रायव्हरांतून केप्लर वगळलं.

राहिला वेग. ऑटोकॅडमधलं टूडी काम, घराचे प्लॅन, लेआउट, हे मुख्यतः प्रोसेसरच्या एका कोरवर चालतं. कार्ड बदलून फरक जवळपास दिसत नाही. एसएसडीने आणि रॅमने दिसतो. एम६७०० च्या क्वाड-कोर मॉडेलात रॅमचे चार स्लॉट आहेत, ३२ जीबीपर्यंत जाता येतं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना कार्डाचा उपयोग नक्की होतो, पण आजचे मोबाइल आणि कॅमेरे एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत चित्रण करतात, आणि केप्लर चिपमध्ये ते उलगडणारी यंत्रणाच नाही. चार जीबीचं के५०००एम घालूनही टाइमलाइन अडखळेल.

मग कुणी बदलूच नये का? बदलावं. सतरा इंची मॉडेल आहे, २४० वॅटचा अॅडाप्टर आहे, त्याच मॉडेलसाठी कंपनीने विकलेलं मोठं कार्ड त्याच्याच हीटसिंकसह मिळतंय, असं असेल तर खुशाल. डेलच्या ७७१० ला क्वाड्रो एम५०००एम हे असं उदाहरण. आठ जीबी मेमरी आणि केप्लरनंतरची पिढी. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घ्या नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवा, पैसे देण्याआधी दुकानदाराला कार्डाच्या मागच्या बाजूचा पार्ट नंबर आणि सिंकचा फोटो मागा. बसवल्यावर दुपारच्या वेळी, एसी बंद ठेवून, अर्धा तास रेंडर चालवा आणि तापमान बघत राहा. परत करायची मुदत किमान आठवड्याची लिहून घ्या, कारण अधांतरी बसलेला सिंक पहिल्या दिवशी काहीच दाखवत नाही.