ग्राहकाचा दगड, मूल्य शून्य

पावती समोर टेबलावर पडली आहे. चांदीची अंगठी, अंदाजे वजन, घडणावळ, ॲडव्हान्स, आणि सगळ्यात खाली निळ्या बॉलपेनने लिहिलंय: ‘ग्राहकाचा दगड १ नग, मूल्य ०.’ खडासुद्धा नाही, दगड. आणि त्या शून्यावर एक तिरकी रेघ मारलीय, म्हणजे मी घरी जाऊन त्याच्या मागे एखादा आकडा घुसडू नये.

तर लक्ष्मी रस्ता, शनिवार संध्याकाळ. दुकानाचं नाव सांगत नाही, अंगठी अजून त्यांच्याकडे आहे.

दगड म्हणजे अकीक, इंग्रजीत अगेट. वाघोलीकडच्या एका बांधकामापुढे पडलेल्या खडीच्या ढिगातून उचललेला. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत पुढे कुठे झिओलाइटसारखी खनिजं भरली, कुठे अकीक. वाघोलीच्या खाणींतलं कॅव्हनसाइट हे निळं खनिज परदेशातले संग्राहक काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवतात. आपण त्याच खाणींची खडी करून रस्त्यावर ओततो, आणि रस्ता तो तसाच. असो. माझ्या तुकड्यात करड्या-निळ्या पट्ट्या होत्या आणि एका कडेला गंजासारखी लाल झाक. त्याचा मी १८ बाय १३ मिलिमीटरचा अंडाकृती कॅबोशॉन केला. म्हणजे वर गुळगुळीत घुमट, खाली सपाट.

हे सगळं काम पाण्यात चालतं. लाकडी काडीच्या टोकाला लाख तापवून खडा चिकटवायचा. ८० नंबरच्या खरखरीत चाकावर आकार द्यायचा, मग आणखी बारीक २२०, ६००, १२००, ३०००, आणि शेवटी चामड्यावर सिरियम ऑक्साइडच्या पुडीने पॉलिश. खडा ओला असेपर्यंत अगदी संत दिसतो. पुसून दिव्याखाली धरला की दोन चाकं आधीचा एक ओरखडा आडवा येऊन उभा. मग पुन्हा मागे जा. घुमट जमला की नाही ते बघायला ट्यूबलाइटखाली खडा हळूहळू फिरवायचा. नळीची पांढरी रेघ कुठेही न मोडता या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली पाहिजे. जिथे रेघ अडखळते तिथे सपाटी राहिलेली असते. माझ्या खड्यावर ती अडखळत नाही. हे मी काउंटरवर दोनदा करून दाखवलं. सेल्समनने ट्यूबलाइटकडे बघितलं.

“काका,” तो म्हणाला. (मी बावन्न वर्षांचा आहे. तो पस्तिशीचा तरी असेल. पण हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) “काका, याचं काम अजून बाकी आहे.”

“कसलं काम?”

“पैलू पाडायचे राहिलेत.”

मी सांगितलं की पारदर्शक खड्याला पैलू पाडतात, प्रकाश आत खेळावा म्हणून. पट्ट्यांच्या अपारदर्शक खड्याला पैलू पाडून काय उपयोग? त्याला घुमटच हवा. मग त्याच्याच काचेखालच्या ट्रेकडे बोट दाखवलं. “हा तुमचा लसण्या बघा. त्यालाही पैलू नाहीत. घुमट नसेल तर त्यातली ती मांजराच्या डोळ्याची रेघ दिसणारच नाही.”

“तो लसण्या आहे,” सेल्समन म्हणाला.

“हो, पण पैलू नाहीत ना?”

“लसण्याला नसतात.”

“मग यालाही नसतात!”

“पण हा लसण्या नाहीये, काका.”

इथे मी हार मानून ‘बरं, कोंदणात बसवून द्या’ म्हणालो असतो तर प्रकरण मिटलं असतं. पण शेजारच्या खुर्चीवर एक काकू होत्या. पाटल्यांना पॉलिश करायला दिलेलं होतं, चहा पिऊन झाला होता, कप हातात होता आणि वेळच वेळ होता.

“बघू,” म्हणत त्यांनी खडा उचललासुद्धा. “कुठल्या राशीचा?”

“कुठल्याच नाही.”

“म्हणजे कुठल्या ग्रहासाठी?”

“ग्रहासाठी नाही. असाच. मी घरी घासलाय.”

“असाच?” काकूंनी माझ्याकडे बघितलं. साडेसाती हातावेगळी करायची सोडून हा माणूस असाच दगड घासत बसतो, ही बातमी त्यांच्या चेहऱ्यावर जिरायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी खडा नाकापर्यंत आणला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला, आणि एकदम उजळल्या.

“अगंबाई! अगदी आमच्या ह्यांच्यासारखा!”

सेल्समनचं पेन थांबलं.

“ह्यांचा मुतखडा निघाला ना मागच्या दिवाळीत, अगदी असाच. रंगसुद्धा हाच. ही बघा अशी कडेला लाली. थांबा, फोटो आहे.” आणि पर्समधून मोबाइल निघाला. नातवाचं बारसं, गणपतीची आरास, कुठलासा मसालेभात, पुन्हा नातू, आणि मग तो. स्टीलच्या वाटीत, पांढऱ्या कापसावर, फ्लॅश मारून. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला, शेजारी माझा खडा ठेवला, आणि सगळ्यांना बघता यावं म्हणून स्वतः थोड्या बाजूला सरकल्या. सगळ्यांनी बघितलं. मंगळसूत्र बघायला आलेलं एक जोडपंही वळून बघून गेलं.

“सेम आहे,” सेल्समन म्हणाला. एवढा वेळ भिंग डोळ्याला लावून त्याला माझ्या खड्यात जे काही दिसलं नव्हतं, ते आता दिसलं.

आता माणसाने गप्प बसावं. पण मला राहवेना. मी म्हणालो, “काकू, मुतखडा बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो. निसर्गातही तेच खनिज सापडतं, त्याला व्हेवेलाइट म्हणतात. पण त्याची कठीणता अडीच ते तीन. अकीकाची साडेसहा ते सात. फार मऊ हो तो, पॉलिशसुद्धा धरणार नाही.”

“मऊ?” काकूंचा आवाज चढला. “रात्रभर लोळत होते ते! रिक्षात चढवताना दोघं लागले. मऊ म्हणताय?”

“तसं नाही, मी खनिजाबद्दल...”

“तुम्हाला झालाय का कधी?”

नाही झाला. तिथे माझा मुद्दा पडला. जोडप्यातल्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू काकांना मीच त्या रिक्षात चढवलं होतं. सेल्समनने पाणी मागवलं, काकूंसाठी.

त्यानंतर काकू थंड झाल्या आणि पुढचा नेहमीचा प्रश्न आला. “विकता का?” मी नाही म्हणालो. “मग करता कशाला?” हा प्रश्न मला घरीही विचारला जातो, पण घरी त्याला निमित्त असतं. लाखेतून खडा सुटावा म्हणून काडीसकट फ्रीजरमध्ये ठेवतात, आणि आमच्याकडे मटारच्या पिशवीशेजारी काळ्या लाखेत रुतलेला दगड पाहून कामवाल्या मावशींनी ‘घरात कुणी काही करतंय का’ असं बायकोला हळूच विचारलं होतं. ते समजू शकतो. पण दुकानात? रत्नांच्या दुकानात? जिथला प्रत्येक खडा कुणीतरी पाण्यात हात घालून घासलेला आहे, तिथे एकाही माणसाला ‘कसं करता हो?’ विचारावंसं वाटू नये? दोनच प्रश्न. केवढ्याचा आणि कुठल्या ग्रहाचा. या दोन्हींत जे बसत नाही त्याला आपल्याकडे खण नाही.

गुजरातेत खंबातला अकीकाचं काम हडप्पा काळापासून चालत आलंय. आपल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने खोदकाम केलं तेव्हा तिथेही अकीकाचे मणी निघाले. भीमेच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांपूर्वी माणसं शेती सांभाळून गळ्यात दगडाचे मणी घालत होती, आणि त्यांना रास कुठली हे कुणी विचारलं नसावं. खंबातच्या कारागिरांनी मात्र वर्षानुवर्षं कोरडं घासून काढलं. ती धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो, आणि त्यावर औषध नाही. मी पाण्यात घासतो, वर मास्क लावतो, कारण मला पोटासाठी घासायचं नाही. त्यांचं आयुष्य गेलं, आणि मण्यांची माळ मात्र ‘अहो, हे काय, साधे दगडच की’ म्हणून निम्म्या भावात पाडून मागतात. मागणारी माणसं आपलीच. पावतीवरचं शून्य मला माझ्यासाठी लागलं नाही असं म्हणणार नाही. माझ्यासाठीच लागलं. पण ते लिहिणाऱ्या हाताला सवय होती, याचा राग जास्त आला.

“मूल्य तरी काही लिहा,” मी म्हणालो. “हरवला तर?”

“हरवला तर दुसरा देऊ ना काका,” सेल्समन म्हणाला, आणि खरंच दाराबाहेर, रस्त्याच्या दिशेने हात केला.

निघताना काकूंनी माझा नंबर मागून घेतला. का, ते विचारायचं त्राण नव्हतं. आज सकाळी साडेसातला व्हॉट्सॲप आलं. तीच वाटी, तोच कापूस. या वेळी मापासाठी शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंय. खाली लिहिलंय: ‘नमस्कार. ह्यांची हरकत नाही. अंगठी वगैरे नको, नुसता तुमच्यासारखा गुळगुळीत करून द्या, शोकेसमध्ये ठेवायचाय. मऊ आहे असं तुम्हीच म्हणालात, तेव्हा तासाभरात होईल. मजुरी किती ते आधी सांगा.’